पत्त्याचा रकाना

(परशा शोफ्तीमच्या आठवड्यात सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे, ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



या शब्बाथला आपण शोफ्तीम ही परशा ऐकली. तिच्या शेवटी एक विलक्षण विधी सांगितला आहे. उघड्या रानात एखाद्या माणसाचे प्रेत सापडले आणि मारेकरी कोण ते कळले नाही, तर प्रेतापासून आसपासच्या नगरांचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळचे ठरेल, त्या नगराच्या वडील मंडळींनी कालवड घेऊन ओढ्याच्या खोऱ्यात जावे, तिची मान मोडावी, तिच्यावर हात धुवावेत आणि या रक्ताचा दोष आपल्यावर नाही असे देवासमोर सांगावे. मिश्नामध्ये आपले ज्ञानी यावर प्रश्न करतात: नगराच्या वडिलांवर खुनाचा संशय कोणी घेतला होता काय? उत्तर असे की, संशय नव्हता; परंतु तो परका आपल्या दारी आला असता आपण त्याला अन्नावाचून आणि सोबतीवाचून जाऊ दिले नाही, हे त्यांना सांगता आले पाहिजे.

ज्या मृत्यूला धनी सापडत नाही, त्याचा जाब सर्वांत जवळच्या नगराने द्यायचा, हा या विधीचा अर्थ मी घेते. एका नगराने असा जाब देण्याची जबाबदारी पुष्कळ उशिरा आणि बऱ्याच अनिच्छेने कशी पत्करली, ते आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. ते नगर म्हणजे ज्याच्या सावलीत आपण राहतो ते न्यूयॉर्क, आणि वर्ष १८६६. मी इतिहासाची पंडिता नव्हे. मी परिचारिका होते. त्यामुळे इतिहासातसुद्धा माझी नजर प्रथम रुग्णांच्या नोंदवहीकडे जाते.

१८६० च्या जनगणनेत न्यूयॉर्कची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. त्या काळी शहर मॅनहॅटन बेटापुरतेच होते. आयर्लंड आणि जर्मनीहून आलेले लक्षावधी लोक भाड्याच्या इमारतींत, आपल्या भाषेत सांगायचे तर चाळींत, दाटीवाटीने राहत. पुष्कळांचा संसार तळघरात होता. भरतीच्या वेळी काही तळघरांत पाणी शिरे. शौचकूप अंगणात, तेही तुडुंब भरलेले. १८४२ पासून क्रोटन नदीचे स्वच्छ पाणी नळाने शहरात येत होते, पण गरिबांच्या पुष्कळ घरांत ते पोहोचले नव्हते. १८३२ च्या कॉलऱ्यात शहरातील सुमारे साडेतीन हजार माणसे मेली आणि १८४९ च्या साथीत पाच हजारांहून अधिक.

मग नगरसत्ता काय करीत होती? कागदोपत्री आरोग्य मंडळ होते. महापौर आणि नगरसेवक हेच त्याचे सभासद; महापौरांनी बोलावले तरच ते भरे. महापौर फर्नांडो वुड यांच्याविषयी असे सांगतात की, साथीच्या दिवसांतही त्यांनी हे मंडळ बोलावण्याचे नाकारले. रोगापेक्षा या मंडळाचीच शहराला भीती अधिक, असे त्यांचे म्हणणे होते. विनोद म्हणून आपण हसू, पण त्यांना आपल्या नगरसेवकांची पारख होती. रस्ते झाडण्याची कंत्राटे पक्षाच्या माणसांना मिळत. पैसे खर्ची पडत आणि कचरा जागच्या जागी राही. प्रत्येक विभागाला आरोग्य निरीक्षक नेमलेला असे. यांतले पुष्कळसे दारूच्या गुत्त्यांचे मालक किंवा पक्षाचे कार्यकर्ते होते. पुढे चौकशीत त्यांना आरोग्यशास्त्र या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा त्यांना तो सांगता आला नाही.

आता एका डॉक्टरांची गोष्ट सांगते. त्यांचे नाव स्टीफन स्मिथ. तरुणपणी बेलव्ह्यू रुग्णालयात असताना त्यांच्याकडे टायफसच्या रुग्णांचे तंबू सोपविण्यात आले. टायफस म्हणजे आपला विषमज्वर नव्हे. उवांमुळे पसरणारा तो निराळा आणि अतिशय घातक ताप. उवांचा संबंध तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. डॉक्टर स्मिथ यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्ण कोठून येतात हे पाहण्यासाठी त्यांनी नोंदवही चाळली. पूर्व बाविसाव्या रस्त्यावरील एकाच घरातून शंभराहून अधिक रुग्ण आलेले होते. ते स्वतः तिथे गेले. दारेखिडक्या मोडलेल्या, तळघरात सांडपाणी साठलेले, जमिनीवर कुजके गवत पसरलेले, आणि त्यावर नुकतीच बोटीतून उतरलेली कुटुंबे झोपलेली. घराचा मालक एक श्रीमंत गृहस्थ, राहायला प्रतिष्ठित वस्तीत. त्याने काहीही करण्यास नकार दिला. डॉक्टर पोलिसांकडे गेले. असे घर रिकामे करायला लावणारा कायदाच नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी ते ईव्हनिंग पोस्ट या दैनिकाचे संपादक, कवी विल्यम कलन ब्रायंट, यांच्याकडे गेले. ब्रायंट यांनी मालकाला न्यायालयात बोलावण्याची व्यवस्था केली आणि तिथे आपला बातमीदार बसविला. उद्या आपले नाव छापून येणार हे दिसताच मालकाने घर दुरुस्त केले. सारांश, एवढ्या मोठ्या शहरात एक घर साफ करवून घेण्यासाठी एका डॉक्टरला एका कवीची मदत घ्यावी लागली.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. त्याचे कारण सांगितले पाहिजे. मुंबईतील एका रुग्णालयात मी शिकाऊ परिचारिका होते, पावसाळ्याचे दिवस होते आणि माझी नेमणूक मुलांच्या कक्षात होती. हगवणीने सुकलेली मुले रोज येत. नाव, वय, पत्ता लिहून घेण्याचे काम माझे. आठवडाभरात एकाच चाळीचा पत्ता मी चौथ्यांदा लिहिला, तेव्हा माझा हात क्षणभर थांबला, हे मला आजही आठवते. मग मी पुढचा रकाना भरला. कोणाला सांगितले नाही. मला कोणी विचारले नाही, आणि सांगणे माझे काम आहे असे मला वाटले नाही. त्या चाळीतले पाचवे मूल आले ते फार उशिरा आले. मोरीचे पाणी पिण्याच्या नळात मिसळत होते की काय, हे मला कधीच कळले नाही. मी पत्ते लिहिले होते; वाचले नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये मात्र काही मंडळींनी पत्ते वाचायचे ठरविले. १८६३ च्या भीषण दंगलीनंतर शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनी एक संघटना काढली. तिच्या आश्रयाने १८६४ साली डॉक्टरांनी शहराचे ३१ विभाग पाडले, प्रत्येक विभागाला एक डॉक्टर नेमला आणि घरोघर जाऊन पाहणी केली. घरात माणसे किती, खोलीत उजेड किती, शौचकूप कोठे, आजारी कोण, हे सारे लिहून घेतले. १८६५ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. भाड्याच्या इमारती पंधरा हजारांहून अधिक आणि त्यांत राहणारी माणसे पाच लाखांच्या आसपास, असा हिशेब निघाला. देवीचे रुग्ण अशा खोल्यांत सापडले की जिथे बाजारात विकायचे कपडे शिवले जात होते. गरिबाच्या खोलीतला रोग श्रीमंताच्या अंगावर नव्या कोटाच्या रूपाने चढत होता.

फेब्रुवारी १८६५ मध्ये स्मिथ यांनी आल्बनी येथे विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. विधेयकाचा मसुदा डॉर्मन ईटन या वकिलांनी तयार केला होता. तरीही त्या वर्षी ते संमत झाले नाही. पुढच्या हिवाळ्यात युरोपातून कॉलरा येत असल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा आमदारांचे मन वळले. २६ फेब्रुवारी १८६६ रोजी कायदा झाला आणि महानगर आरोग्य मंडळ अस्तित्वात आले. त्यावर डॉक्टर होते, पोलीस आयुक्त होते, बंदराचे आरोग्य अधिकारी होते. अध्यक्ष होते चामड्याचे व्यापारी जॅक्सन शुल्ट्झ. न्यूयॉर्कबरोबर ब्रुकलिन आणि आसपासचा प्रदेशही त्यांच्या अधिकारात आला.

एप्रिलमध्ये लिव्हरपूलहून व्हर्जिनिया ही आगबोट कॉलऱ्याचे रुग्ण घेऊन बंदरात आली. मंडळाच्या हाती दोन महिनेसुद्धा पुरते नव्हते. त्यांनी हजारो शौचकूप उपसले, मोकळ्या जागांत साठलेले खताचे डोंगर हलविले, घरमालकांवर आदेश बजावले. शहरात कोठेही रुग्ण आढळला की जवळच्या पोलीस चौकीतून तारायंत्राने वर्दी जाई, आणि थोड्याच वेळात जंतुनाशकांची गाडी त्या पत्त्यावर हजर होई. बिछाना जाळीत, शौचकूपात ब्लीचिंग पावडर टाकीत, खोली धुऊन काढीत. कॉलऱ्याचा जंतू कॉख यांनी जगापुढे मांडला तो १८८० च्या दशकात. म्हणजे या लोकांना शत्रूचा चेहरा ठाऊक नव्हता, औषध तर नव्हतेच. त्यांच्यापाशी होती ती पत्त्यांची यादी, त्या पत्त्यावर जाणारी माणसे आणि त्यांना आत जाण्याचा अधिकार.

त्या वर्षी कॉलरा आला, पण १८४९ च्या मानाने मृत्यू फारच थोडे झाले, आणि तेही शहर त्याहून कितीतरी मोठे झालेले असताना. त्याच वर्षी सेंट लुईस या पुष्कळ लहान शहरात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. तिथे असे मंडळ नव्हते. ते पुढच्या वर्षी स्थापन झाले.

ही केवळ विजयाची कथा म्हणून सांगितली तर मी खोटे बोलल्यासारखे होईल. बिछाना जळाला तो गरिबाचा, आणि पुष्कळदा त्याच्या घरात तेवढीच मोलाची वस्तू होती. नियम मोडले म्हणून ज्यांची जनावरे आणि छोटे धंदे गेले, तेही गरीबच. शिवाय हे मंडळ न्यूयॉर्ककरांनी निवडलेले नव्हते. राज्याच्या राजधानीतून ते त्यांच्यावर बसविलेले होते. नगरसेवक भ्रष्ट होते हे खरे, पण ते लोकांचे होते, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य होते. कत्तलखान्यांसंबंधीच्या आदेशाविरुद्धचा हायस्टर खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८६८ साली निकाल मंडळाच्या बाजूने लागला. १८७० मध्ये ट्वीड यांच्या प्रभावाखाली शहराला नवी सनद मिळाली आणि राज्याची मंडळे बरखास्त झाली. तरीही आरोग्य विभाग राहिला, फक्त तो आता शहराचा झाला. ट्वीड यांचे नाव भ्रष्टाचारासाठी प्रसिद्ध आहे, पण हा विभाग मोडून टाकण्याचे धाडस त्यांनाही झाले नाही. चार वर्षांत लोकांना एक गोष्ट कळली होती: आपण आजारी पडलो तर त्याची नोंद घेणारे कोणीतरी आहे.

१८६७ साली भाड्याच्या इमारतींविषयी पहिला कायदा झाला. दर वीस माणसांमागे निदान एक शौचकूप, अशी त्याची मागणी. आज ही मागणी ऐकून लाज वाटते, पण त्याआधी तीही नव्हती. स्टीफन स्मिथ यांनी १८७२ साली अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९२२ साली, वयाच्या शंभरीला टेकलेले असताना, ते वारले.

आता पुन्हा त्या रानातल्या प्रेताकडे वळते. तोरा नगराच्या वडिलांना मारेकरी शोधून आणा असे म्हणत नाही. ती आधी अंतर मोजायला लावते. मला यात फार मोठे शहाणपण दिसते. दोष कोणाचा, यावर माणसे वर्षानुवर्षे वाद घालतात. १८३२ साली न्यूयॉर्कच्या कित्येक धर्मोपदेशकांनी कॉलरा हा दारुड्यांना आणि पाप्यांना झालेला दंड ठरविला, आणि एकदा दंड म्हटले की गटार उपसण्याची निकड उरत नाही. १८६६ च्या मंडळाने दोषाचा वाद बाजूला ठेवला आणि पत्ता विचारला.

परिचारिकेच्या आयुष्यात हात धुण्याला मोठे स्थान आहे. आम्ही हात धुतो ते रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी. त्या वडिलांनाही हात धुण्याचा अधिकार तेव्हाच, जेव्हा त्यांनी आधी दार उघडलेले असेल. काहीच न करता धुतलेले हात केवळ ओले होतात.

एलूल महिना सुरू झाला आहे. सेलिहोथ आणि आत्मपरीक्षणाचे हे दिवस. आपल्या मंडळीत आज एकटी राहणारी वृद्ध माणसे किती आहेत? त्यांचे पत्ते आपल्या वहीत आहेत. वर्गणीची पावती पाठविण्यासाठी ते आपण वापरतो. माझी विनंती एवढीच की, रोश हशानाच्या आधी आपल्यापैकी चार जणांनी ती वही घेऊन बसावे आणि ते पत्ते वाचावेत. जो गेले तीन शब्बाथ दिसला नाही, त्याच्या दारी जावे. पहिल्या चौघांत माझे नाव लिहा. मला एक जुना रकाना पुरा करायचा आहे.