नळाच्या वॉशरवरचा रेडिओ

हॅम रेडिओवरच्या पुस्तकाची प्रस्तावना बहुधा मार्कोनीपासून सुरू होते. ही नळाच्या वॉशरपासून सुरू होते आहे. 2003च्या सुमारास हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन व्हीयू2ईएसई) यांनी बिटएक्स-20 हा ट्रान्सीव्हर रचला. परदेशी पुस्तके सर्रास सांगतात ते टोरॉइड कोअर आपल्याकडे सहज मिळत नसत, म्हणून त्यांनी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळली, टीव्हीच्या बलूनमधले फेराइट वापरले आणि शेवटच्या टप्प्याला आयआरएफ510 लावला. हा मॉसफेट खरा स्विचिंगच्या कामाचा. पण स्वस्त, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मागितला की मिळणारा. त्यातून 14 मेगाहर्ट्झवर सुमारे 6 वॅट निघतात.

6 वॅटने काय होणार, असे नवखा माणूस विचारतोच. हिशोब करून पाहावा. 100 वॅटच्या जागी 6 वॅट म्हणजे साधारण 12 डेसिबलची घट. एस-मीटरचे एक घर 6 डेसिबलचे धरतात. तेव्हा पलीकडच्या माणसाचा काटा दोनच घरे खाली येतो. बाकीचे आयनांबर आणि तुमची अँटेना पाहून घेतात.

या मंडलाची खरी गंमत मात्र त्याच्या दुहेरीपणात आहे. कोकण रेल्वेच्या एकेरी रुळावरून गाड्या दोन्ही दिशांना जातात, तसा इथे येणारा आणि जाणारा संदेश एकाच वाटेने जातो. 14 मेगाहर्ट्झवर आलेला संदेश 4 मेगाहर्ट्झच्या आंदोलकाशी मिसळून 10 वर उतरतो आणि स्फटिकांच्या गाळणीतून पुढे सरकतो. बोलताना तीच गाळणी, तेच मिक्सर, फक्त प्रवास उलटा. म्हणून डाग द्यायला बसण्याआधी नकाशा दोन्ही बाजूंनी वाचावा, असा माझा आग्रह आहे. किटबरोबर आलेला सुबक छापील बोर्ड ही सवय मोडतो, हे त्याचे एकच पाप.

मी स्वतः तो न वाचताच बसलो होतो. मिक्सरच्या ट्रान्सफॉर्मरला तीन तारांचा पीळ घालून गुंडाळायचे असते. एकीचे शेवटचे टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायचे. मी सुरुवातीला सुरुवात जोडली. दोन वेटोळ्यांनी एकमेकांचे काम पुसले आणि संच चार दिवस मुका राहिला. तारेवरचे इनॅमल नीट खरवडून, टोकांना कथील चढवून, मल्टिमीटरच्या बीपने जोड्या ओळखणे हे दहा मिनिटांचे काम होते.

परवान्याचे थोडक्यात: हवेत बोलण्याआधी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स लागत नाही.

पहिले प्रकरण रेझिस्टरवरचे रंग ओळखण्याचे आहे. ज्यांना ते येतात त्यांनी खुशाल दुसऱ्यावर जावे. तीन तारांच्या पिळाचे पान मात्र गाळू नये.