शिंपल्याच्या चुन्याचा जमाखर्च



गोव्यातल्या जुन्या घरांचा विषय निघाला की चिऱ्यांचं कौतुक होतं. पण त्या चिऱ्यांना शेकडो वर्षं धरून ठेवणाऱ्या चुन्याची आठवण कोणी काढत नाही. आज त्याच्याविषयी.

आपल्याकडे चुना व्हायचा तो बहुतेक शिंपल्यांचा. तिसऱ्या, खुबे, कालवं यांची टरफलं गोळा करायची, भट्टीत सरपणाचे आणि शिंपल्यांचे थर रचायचे आणि पेटवून द्यायचं. शिंपला लाकडासारखा जळत नाही, मेणासारखा वितळतही नाही. तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला हा पदार्थ तुटतो आणि त्याचे दोन साधे पदार्थ होतात. कळीचा चुना मागे राहतो, कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. शिंपल्याचा आकार तोच दिसतो, पण हातात घेतला तर हलका लागतो. वर पाणी ओतलं की चर्र आवाज करत, वाफा सोडत त्याची पांढरी भुकटी होते. विड्याच्या पानाला लावतो तो चुना यातलाच.

मी कॉमर्सवाला, त्यामुळे मला यातला हिशोब आवडतो. १०० किलो शुद्ध कार्बोनेट भाजलं तर ५६ किलो चुना मिळतो. मग ४४ किलो गेलं कुठे? पूर्वी समज असा होता की चुना झोंबतो, कारण त्यात अग्नीचा अंश शिरतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी आधीची आणि नंतरची वजनं काटेकोर घेतली आणि १७५६ साली दाखवून दिलं की आत काही शिरत नाही, उलट एक वायू बाहेर जातो. हे गृहस्थ मद्यव्यापाऱ्याचे चिरंजीव, बरं का!

खरी गंमत पुढे आहे. भिंतीला लावलेला चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कार्बोनेट होतो, म्हणजे शिंपल्याचाच पदार्थ. कर्ज फिटतं, फक्त मुदत लांबची असते.

जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस १६०५ मध्ये पूर्ण झालं. १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा काढून चिरा उघडा केला. चिरा सच्छिद्र, आणि आपला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. आज तो झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा चढवावा का, हा वाद चालू आहे.

तेच आपल्या घरी होतं. पडवीची भिंत ओल धरते म्हणून जुना गिलावा खरवडून वर सिमेंट थापतात. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. तेव्हा वडिलोपार्जित घर दुरुस्तीला काढाल तर आधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. असे हात आता थोडेच उरलेत. भेटला तर तो चुना किती दिवस भिजवतो, वाळू किती घालतो, ते विचारून वहीत लिहून ठेवा.