वॅरिंग्टन बाप-लेक आणि माशांचं पाणी

फिशटँक विकणारा दुकानदार एक वाक्य हमखास सांगतो, "फिल्टर चोवीस तास चालू ठेवा." का ठेवायचा ते तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. फिल्टर म्हणजे गाळणी, चहाच्या गाळण्यासारखी, कचरा अडवते, असा आपला समज. मग टाकी स्वच्छ दिसतेय म्हटल्यावर रात्री पंपाची घरघर नको म्हणून कोणी तो बंद करतो, तर कोणी रविवारी उत्साहाने सगळा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करतो. आणि मंगळवार-बुधवारकडे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात.

माझ्याकडे हॉलमध्ये दोन फुटी टाकी आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. पण आज टाकीपेक्षा तिच्यामागची गोष्ट सांगायचीये. टाकीत मासे जगवणं माणसाला जमलं १८५० च्या आसपास. ते का जमलं, याचं उत्तर मिळायला सुरुवात झाली १८७७ मध्ये. आणि ते उत्तर शोधणाऱ्यांतला एक जण टाकी जमवणाऱ्याचा सख्खा मुलगा होता!

आधी थोडं मागे जाऊ. १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आल्या. समुद्र लांब, रोज ताजं पाणी कुठून आणणार? मग त्यांनी तेच पाणी वापरायचं ठरवलं. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची, अर्धा-पाऊण तास. आपण चहा गार करायला कपबशीत वरखाली करतो ना, तसं. एअर पंप म्हणजे काय, तर हेच. बाईंचं नाव इतिहासात राहिलं. त्या मोलकरणीचं मात्र कुठे दिसत नाही, आणि मला ते खटकतं. पंप तर तीच होती.

आता रॉबर्ट वॅरिंग्टन. थोरला, कारण मुलाचंही नाव रॉबर्टच. हा रसायनशास्त्रज्ञ, लंडनच्या ॲपॉथेकरीज हॉलमध्ये कामाला. १८४१ मध्ये केमिकल सोसायटी स्थापन करण्यात याचा पुढाकार होता. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनचं, म्हणजे साधारण पंचावन्न लिटरचं काचेचं भांडं घेतलं, अर्धं पाण्याने भरलं, तळाशी वाळू, चिखल आणि दगड टाकले, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. हिशोब साधा होता. मासा ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि वनस्पती उजेडात बरोबर उलटं करते. दोघांची जोडी लावली की पाणी बदलायची गरज नाही.

काही दिवस बरं चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं आणि काचेवर हिरवा चिकट थर चढला. इथे वॅरिंग्टनने जे केलं ते मला फार आवडतं. तळ्यात हे घाण पाणी कोण साफ करतं, असा प्रश्न विचारून त्याने पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, वर अंडी घातली ती माशांनी खाल्ली. पाणी निवळलं. मार्च १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे वाचला. सिस्टीम स्टेबल, डेमो यशस्वी. :)

मग इंग्लंडात लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसने 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक काढलं आणि हा शब्द घरोघरी पोचला. 'समतोल टाकी' हा परवलीचा शब्द झाला: मासा अधिक वनस्पती बरोबर समतोल. लोकांनी टाक्या आणल्या, त्यातल्या कितीतरी सडल्या, आणि हौस ओसरली.

या गडबडीत विल्यम आल्फर्ड लॉइड हा वेगळा माणूस. आधी बुकबाइंडरकडे कामाला होता, मग लंडनमध्ये ॲक्वेरियमचं दुकान काढलं, पुढे १८६४ मध्ये हॅम्बुर्गचं आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मोठं मत्स्यालय उभं केलं. त्याचं म्हणणं, पाणी फेकू नका, फिरवा. दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा अंधारा हौद आणि दोन्हींमध्ये पंपाने सतत फिरणारं पाणी. ज्यांनी टाकीखाली 'संप' बसवलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल.

आता मुख्य वळण. १८७७, फ्रान्स. श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघांना मासेबिसे काही नको होते. प्रश्न होता गटाराच्या पाण्याचा. त्यांनी एक मीटर उंच नळीत वाळू आणि थोडा चुनखडीचा भुगा भरला आणि वरून मैलापाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही. पाण्यात अमोनिया जसाच्या तसा. मग अचानक खालून नायट्रेट यायला लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. ही नुसती रासायनिक क्रिया असती तर पहिल्या दिवशीच सुरू झाली असती. वीस दिवस थांबली, म्हणजे वाळूत काहीतरी वाढत होतं. खात्री करायला त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद! जे काम करत होतं ते जिवंत होतं.

ही बातमी इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पोचली. तिथे १८७६ पासून धाकटा रॉबर्ट वॅरिंग्टन काम करत होता. त्याने प्रयोग पुन्हा करून पाहिला, तो बरोबर निघाला आणि मग पुढची कितीतरी वर्षं त्याने याच गोष्टीमागे घालवली. ही क्रिया अंधारात चांगली चालते हे त्याने दाखवलं (लॉइडचा अंधारा हौद आठवा). अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि मग नायट्राइटचं नायट्रेट, ही दोन वेगळ्या जीवाणूंची कामं आहेत, इथपर्यंत तो पोचला. पण ते जीवाणू वेगळे काढणं त्याला काही जमेना. त्या काळची रीत म्हणजे जिलेटिनच्या थरावर जीवाणू वाढवायचे. आणि हे पठ्ठे जिलेटिनवर वाढतच नाहीत! १८९० मध्ये झुरिकला विनोग्राड्स्कीने उलटा विचार केला. यांना शिजवलेलं अन्न नकोच, हे अमोनिया जाळून ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधतात. त्याने सेंद्रिय काहीही नसलेल्या द्रावणात ते वाढवले आणि बाजी मारली. वॅरिंग्टनच्या हातून थोडक्यात गेलं.

थोरला वॅरिंग्टन १८६७ मध्येच वारला होता. आपल्या भांड्यातले दोन गोल्डफिश का जगले, याचं बरचसं उत्तर तळाच्या वाळूत आणि चिखलात होतं, हे त्याला कळलंच नाही. (या घराण्याची अजून एक गंमत. धाकट्या रॉबर्टची मुलगी कॅथरीन हिने १८२३ नव्हे, १९२३ मध्ये दाखवून दिलं की वनस्पतींना बोरॉन लागतोच लागतो. तीही रॉथॅमस्टेडलाच.)

आता तुम्ही म्हणाल, १८९० मध्ये सगळं उलगडलं, मग मत्स्यालयवाल्यांनी लगेच उचललं असेल. छे! मैलापाण्याच्या इंजिनिअरांनी उचललं. अमेरिकेत लॉरेन्स इथल्या प्रयोगकेंद्रात १८८७ पासूनच वाळूच्या थरांतून मैलापाणी शुद्ध करण्याचे प्रयोग चालू होते. मासे पाळणारे मात्र मासा-वनस्पती समतोल धरून बसले. जेम्स ॲट्झ या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाला १९४९ मध्ये 'समतोल टाकी हे मिथक आहे' असा लेख लिहावा लागला. ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो, वनस्पती रात्री उलट तो वापरतातच. मला वाटतं चुकीचं स्पष्टीकरण इतकं टिकलं कारण उपाय बऱ्यापैकी चालत होता. लेगसी कोडला कोणी हात लावत नाही, तसंच. आणि वनस्पतींना अगदीच मोडीत काढू नका. त्या अमोनिया थेट शोषतात, शिवाय त्यांच्या पानांवर हेच जीवाणू राहतात.

तर आता तुमच्या टाकीकडे या. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो. तो पाण्यात थोडा जरी साठला तरी विष, आणि पाणी अल्कधर्मी आणि गरम असेल तर जास्तच. त्यानंतर येणारं नायट्राइटही वाईट, ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. शेवटचं नायट्रेट मात्र बरंच सौम्य. फिल्टरमधला स्पंज, सिरॅमिक रिंगा, खडी ही जीवाणूंना चिकटायला दिलेली जागा आहे आणि पंप त्यांना अमोनिया आणि ऑक्सिजन पोचवतो. कचरा अडवणं हे दुय्यम काम. कार्बनची पुडी रंग आणि वास काढते, अमोनियाला ती विशेष काही करत नाही.

एवढं कळलं की देखभालीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. नवीन टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे का सोडायचे नाहीत? श्लोझिंगचे वीस दिवस. घरच्या टाकीला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर एक-दोन मासे, चिमूटभर खाणं, किंवा ओळखीच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज मागून आणा (लाजू नका, तो मळ सोन्याचा आहे). स्पंज नळाखाली का धुवायचा नाही? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो घातलेलाच असतो जीवाणू मारायला. टाकीतलं पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोनदा पिळा, बास. रिंगा आणि स्पंज एकाच दिवशी धुवू नका. वरचा कापूस दर आठवड्याला बदला, त्याने काही बिघडत नाही.

नायट्रेट साध्या टाकीत सहसा पूर्ण संपत नाही, साठत जातं, म्हणून आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदलायचं. नव्या पाण्यात थायोसल्फेटचे खडे, दुकानात ज्याला 'अँटी-क्लोरीन' म्हणतात ते. लॉइडचा 'पाणी फेकू नका' हा हट्ट इथे मानू नये. आणि चुनखडी आठवतेय ना नळीतली? ही क्रिया होताना आम्ल तयार होतं. धरणाचं मऊ पाणी असेल तर ते हळूहळू आम्लधर्मी होऊन जीवाणू मंदावतात. पाणी बदलत राहिलं की हा प्रश्नही बऱ्यापैकी सुटतो.

वीज जाणं हा आपला खास विषय. भारनियमन भोगलेल्या गावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास थांबला की आतला ऑक्सिजन संपतो आणि जीवाणू मरायला लागतात. मग वीज आली की तेच कुजकं पाणी थेट टाकीत. फार वेळ वीज गेली असेल तर आधी डबा उघडून ते पाणी ओता, मग चालू करा. मी सेलवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवतो. मोलकरणीचं काम तो करतो.

आता शेवटची मजा. कितीतरी वर्षं पुस्तकांत छापलं जायचं, अमोनिया खातो तो नायट्रोसोमोनास आणि नायट्राइट खातो तो नायट्रोबॅक्टर. १९९६ आणि १९९८ मध्ये होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून तपासलं तर गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोबॅक्टर सापडेचना, ते काम नायट्रोस्पायरा करत होता. २००५ मध्ये सिॲटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतल्या खडीवरून अमोनिया खाणारा जो सूक्ष्मजीव वेगळा काढला, तो जीवाणू नव्हेच, आर्किया! २०११ मध्ये कळलं की गोड्या पाण्याच्या कित्येक घरगुती फिल्टरांतही आर्कियाचंच राज्य आहे. आणि २०१५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की नायट्रोस्पायराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं पूर्ण काम एकट्या करतात. त्यातल्या एका गटाला त्या सापडल्या मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमध्ये.