पावतीवरची सही

आजोबा आणीबाणीत मिसा कायद्याखाली आत गेले ते १९७५ च्या पावसाळ्यात. संगमनेरच्या बाजाराला गेलेला माणूस रात्री घरी आला नाही, आणि आठवड्यानं कळलं की नाशिक रोडच्या जेलात आहे, असं आजी सांगायची. टपालाची तिकिटं छापणारा सरकारी छापखानाही नाशिक रोडलाच. पण आजोबांचं कार्ड तपासनिसाच्या टेबलावरून आमच्या घरी यायला महिना लागे. कधी येतही नसे.

मनीऑर्डरीचं तसं नव्हतं. तो सरकारी हिशेबाचा कागद. पैसे पोचले की घेणाऱ्याची सही होऊन पावती परत यायलाच हवी. जेलात नोटा कैद्याच्या हातात पडत नाहीत. आजोबांना कचेरीत बोलावून सही घ्यायचे आणि रक्कम त्यांच्या नावावर जमा करायचे. त्यातून साबण, तेल, विड्या. आजीला साबणाचं काही पडलेलं नव्हतं. वीस रुपये एकदम पाठवायचे सोडून ती पाच-पाचच्या चार मनीऑर्डरी करायची. पोस्टमास्तर वैतागायचे, "बाई, कमिशन दर वेळी पडतं!" "पडू द्या."

पुढे २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं, की आणीबाणी असेतो स्थानबद्धाला आपल्या अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. आमच्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढणार नव्हतंच, पण वकिलांनीही हात टेकले तेव्हा आजीच्या पावत्या मात्र येत होत्या.

आजोबांची सही मोडी वळणाची, खाली एक लांब रेघ. एका पावतीवर ती रेघ थरथरलेली दिसली. पुढच्या फॉर्मच्या कुपनावर आजीनं पोस्टमनकडून लिहून घेतलं, 'म्हैस व्याली. रेडी आहे. ताप आहे का?' उत्तराला पावतीवर जागाच नसायची. सही आली ती ठसठशीत, खाली दोन रेघा. दुसरी रेघ कशाची हे आजीला विचारावं लागलं नाही.

कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. त्याआधीच आलेल्या ई-मनीऑर्डरीत मजकूर ठरावीक यादीतून निवडायचा. रेडी झाल्याचं त्यात कुठून असणार? कच्च्या कैद्यांच्या बायका, आया मात्र कॅन्टीनच्या पैशांसाठी अजून पोस्टाच्या खिडकीशी उभ्या असतात. सही बघायला मिळावी म्हणून त्यांतली कुणी रकमेचे तुकडे पाडत असेल, तर मला नवल वाटणार नाही.

१९७७ साली आजोबा सुटून आले आणि दोन दिवसांत त्यांनी हिशेबाची वही काढली. कमिशनात इतके पैसे घालवलेस म्हणून ओरडले. आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "मग सही नीट करायची होती."