नांगराची निशाणी आणि ब्राउझरचा होकार

संकेतस्थळ उघडताच कुकीसाठी संमती मागणारी चौकट पुढे येते आणि बहुतेक जण ती न वाचताच ‘स्वीकारा’ दाबतात. हे काम आता काही ब्राउझर परस्पर उरकतात. ब्रेव्हने २०२२ मध्ये ही चौकट दडपण्याची सोय आणली. फायरफॉक्सने २०२३ मध्ये जर्मनीत, खासगी खिडकीपुरता, आपोआप नकार देण्यास आरंभ केला. न वाचता दिलेल्या संमतीचे काय करावे, हा प्रश्न मात्र पुणे जिल्ह्याला जुना आहे.

१२ मे १८७५. आज बारामती तालुक्यात असलेल्या, तेव्हा भीमथडीत मोडणाऱ्या सुपे गावचा तो बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. दंगे पसरले. सरकारी आयोगाने पुढे नोंदवले की जमावाचा रोख मुख्यतः कर्जाच्या खतांवर होता. कागद हाती पडले की मारहाण सहसा होत नसे.

राग कागदावरच का? कुणब्याला अक्षरओळख नसे. खत सावकाराकडे लिहिले जाई, खाली नांगराची निशाणी होई, आणि न्यायालयाच्या लेखी संमती पूर्ण ठरे. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. घडले ते उलटे. मुदत सरत आली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत, नवी निशाणी. इंदापुरात १८३६ च्या तीस वर्षांच्या बंदोबस्तानंतर साऱ्याची फेरआकारणी झाली, तीही याच काळात. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भावही कोसळला होता.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणको आणि खत यांच्यामध्ये एक माणूस उभा केला: गाव-रजिस्ट्रार. शेतकऱ्याचे खत त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावे, वाचून दाखवले जावे, निशाणी त्याच्यासमोर व्हावी; एरवी ते पुराव्यात ग्राह्य नाही. न्यायालयानेही सहीपाशी न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा हिशेब तपासावा, असे ठरले. ही दुसरी तरतूद अधिक धीट म्हटली पाहिजे, कारण तिने निशाणीला अंतिम मानणेच नाकारले.

सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेतले जाऊ लागले. खत वाचून दाखवले जाई, निशाणी समक्ष होई, आणि जमीन जाई.

ब्राउझर हा आजचा गाव-रजिस्ट्रार म्हणावा, तर एक भेद आहे. रजिस्ट्रारची नेमणूक सरकार करी. सर्वाधिक वापराचा क्रोम मात्र गूगलचा आहे, आणि गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे.

भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची मागणी मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय बंधनकारक केला आहे. त्यात ‘संमती व्यवस्थापक’ नावाचा नोंदणीकृत मध्यस्थही आहे. तो वापरकर्त्याच्या वतीने काम करील आणि त्यालाच उत्तरदायी राहील, असे कलम ६ सांगते.