अपस्मार, प्रायोगिक : ग्लुटामेटग्राहींची जनुक-अभिव्यक्ती

प्रयोगशाळेतील प्राण्यांत मुद्दाम घडवलेल्या अपस्मारात मेंदूतील ग्लुटामेटग्राहींच्या जनुकांची अभिव्यक्ती कमीजास्त होणे. अपस्मार म्हणजे कर्नाटकातील चिकोडी-निपाणीकडे फेफरे किंवा नुसते ‘फिट येणे’ म्हणतात, तोच विकार. ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक चेतापारेषक असून एएमपीए, कायनेट व एनएमडीए हे त्याचे आयनमार्गी ग्राही आहेत. याखेरीज त्याचे चयापचयी ग्राही आठ प्रकारचे आहेत.

प्राण्यांत असा अपस्मार घडवण्यासाठी पायलोकार्पिन किंवा लाल शैवालात सापडलेले कायनिक अम्ल टोचतात. ‘किंडलिंग’ पद्धतीत (गोडार्ड, १९६९) सौम्य विद्युत-उद्दीपन वारंवार देतात. प्रायोगिक अपस्माराशी कर्नाटकाचा संबंध वेगळ्याच वाटेने येतो. डोक्यावर तांब्याने कढत पाणी घेताना झटका येण्याचा प्रकार दक्षिण कर्नाटकात विशेष आढळतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेतील सतीशचंद्र व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९६ मध्ये उंदरांतील त्याचे प्रारूपही मांडले गेले.

जनुक-अभिव्यक्तीच्या अभ्यासात सर्वाधिक लक्ष वेधले ते ग्लुआर-२ या एएमपीए उपघटकाने. तो असला की ग्राहीच्या आयनमार्गातून कॅल्शियम सहसा आत शिरत नाही. फ्रीडमन, झुकिन व सहकाऱ्यांना १९९४ मध्ये असे दिसले, की कायनिक अम्लाने दीर्घ झटके आणल्यावर प्रौढ उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ भागात ग्लुआर-२चा संदेशवाहक आरएनए घटतो, आणि तोही पेशी मरण्याआधी. हिप्पोकॅम्पसच्याच डेंटेट गायरस भागातील चिवट पेशींत तो घटत नाही. यावरून ग्लुआर-२ घटल्याने आत शिरणारा कॅल्शियमचा लोंढाच पेशी मारतो, अशी कल्पना पुढे आली.

कल्पना आकर्षक खरी, पण ती सरळ स्वीकारता येत नाही. ग्लुआर-२च्या आरएनएचे संपादन (कॅल्शियम अडण्यासाठी ते लागते) न होणाऱ्या उंदरांना झटके येतात व ते तीन आठवड्यांच्या आसपास मरतात (१९९५). उलट ग्लुआर-२ अजिबात नसलेले उंदीर (१९९६) झटक्यांवाचून जगले. शिवाय पेशी मेल्या तरी आरएनए कमीच मोजला जातो, आणि आरएनए घटला म्हणून प्रथिनही तेवढेच घटले असे नसते. म्हणून निव्वळ घटवाढीच्या तक्त्यांवरून रोगाचे कारण ठरवू नये.

उपचाराच्या बाजूने पाहता, एएमपीए ग्राही अडवणारे पेराम्पनेल हे अपस्मारावरील औषध २०१२ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्य झाले. ते ग्राहीवर थेट काम करते. जनुकाची अभिव्यक्ती बदलणे हे त्याचे कार्य नव्हे.