टकळी, मजुरी आणि शाळा

वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्याच वर्ध्याला, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण गावातल्या एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असे तिथे ठरले. पुढे झाकीर हुसेन समितीने वेळापत्रक आखले. साडेपाच तासांच्या शाळेत उद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे!

हे ऐकून कामगार चळवळीतला माणूस दचकतो. मी शाळेत थोडा आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ शिकलो. हाताच्या कामाची मला लाज नाही. धास्ती आहे ती पोरांच्या श्रमावर कुणीतरी हिशेब जुळवण्याची. मुलांच्या मालातून मास्तरांचा पगार हळूहळू निघावा, अशी परिषदेची अपेक्षा होती. प्रा. के. टी. शहा यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली : हा माल बाजारात आला की गावच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल. माझ्या मते त्या दोन दिवसांतले हे सर्वांत मोलाचे बोलणे. शहांना पुढे समितीतही घेतले, हे मात्र मनाच्या मोठेपणाचे.

पण उद्योग म्हणजे नुसता माल नव्हे. आपल्याकडचा कापूसच घ्या. सरकी काढायची, पिंजायचे, पेळू करायचे, टकळीवर सूत काढायचे. लडीची लांबी आणि वजन मोजले की गणित आले. पिंजारी आणि विणकर इथे मास्तरच झाले. आणि कापसाचा भाव कोण ठरवतो, वेचणारणीला काय मिळते, असे पोराने विचारले, तर त्याचे उत्तर कुठल्या क्रमिक पुस्तकात आहे?

आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली : गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी. कल्पना सुंदर, परंतु जमीन देणार तो जमीनवालाच. मग शाळेत शब्द कुणाचा चालणार, त्याचा की त्याच्या सालदाराचा? वाद पेटला तो मात्र ‘मंदिर’ या नावावर. मुस्लिम लीगने विरोध केला. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला.

जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला पुन्हा परिषद भरली. या वेळी शिक्षणाची व्याप्ती लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत, म्हणजे सबंध गावापर्यंत नेली गेली. १९३७ साली गावाकडून उद्योग घेतला होता. आता सालदारानेही शाळेत येऊन बसावे, असे म्हटले गेले. त्याला तेवढी सुटी कोण देणार, हा प्रश्न मालकाच्या ओटीवर सुटायचा होता.